मालक सरकार, भाडेकरू नगर: बोल्डर सिटीला सनद मिळाली त्याची गोष्ट

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास वेगासपासून सुमारे पंचवीस मैलांवर, बोल्डर सिटी नावाचं एक नगर आहे. वस्ती आजही पंधरा हजारांच्या आत. १९३१ मध्ये ते वाळवंटात उभं राहिलं. मात्र स्वतःची सनद (म्हणजे नगराचा कारभार ज्यावर चालतो ते मूळ नियमपत्र), निवडून दिलेलं मंडळ आणि स्वतःची तिजोरी त्याला मिळाली ती ४ जानेवारी १९६० रोजी. मधली एकोणतीस वर्षं तिथे घरं होती, दुकानं होती, हिरवळ होती, चित्रपटगृह होतं. फक्त नगराचं सरकार नव्हतं. जमीन केंद्र सरकारची, रस्ते आणि पाणी केंद्र सरकारचं, आणि कारभार बघायला केंद्राने नेमलेला एक माणूस.

नगरं सहसा हळूहळू घडतात. आधी चार घरं, मग बाजार, मग भांडणं, आणि ती मिटवायला पंचायत किंवा पालिका. इथे क्रम उलटा पडला. आधी नकाशा आला, मग घरं आली आणि नगरवासी सगळ्यात शेवटी. म्हणूनच वस्तीपासून सनदेपर्यंतच्या वाटेवर नेमकं काय काय ठरवावं लागतं, ते या प्रकरणात उघडं दिसतं. सार्वजनिक नोंदींत असलेल्या अधिकाऱ्यांची नावं इथे घेतली आहेत. रहिवाशांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी बोल्डर कॅन्यन प्रकल्पाच्या कायद्यावर सही केली. कोलोरॅडो नदीवर, नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये, प्रचंड धरण बांधायचं होतं. आज आपण त्याला हूव्हर धरण म्हणतो. पूर थोपवायचा, कॅलिफोर्नियाच्या शेतीला पाणी द्यायचं आणि वीज विकून सगळा खर्च वसूल करायचा, असा हिशेब होता.

कामगार राहणार कुठे? जवळचं गाव लास वेगास. १९३० च्या जनगणनेत त्याची वस्ती पाच हजारांच्या थोडी वर होती. कामगारांची वसाहत आपल्याकडे यावी म्हणून लास वेगासने पुष्कळ खटपट केली. पण देशात दारूबंदी असताना तिथे दारू राजरोस मिळत होती, आणि जुगारही चालत होता (पुढे मार्च १९३१ मध्ये नेवाडाने तो कायदेशीरच केला). अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री रे लायमन विल्बर यांना आपला कामगार रात्री जुगाराच्या टेबलावर आणि सकाळी दोराला लटकून कड्यावर नको होता. सरकारने स्वतःचंच नगर वसवायचं ठरवलं.

जागा निवडली ती धरणापासून सात-आठ मैलांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. दरीतल्या भट्टीपेक्षा इथे हवा जरा बरी होती. आराखड्याचं काम डेन्व्हरचे भूदृश्य रचनाकार साको डी-बोअर यांच्याकडे गेलं. जन्माने ते डच. त्यांनी पंख्यासारखा पसरलेला आराखडा काढला. टोकाला टेकडीवर प्रशासनाची इमारत, तिथून खाली उतरणारे रस्ते, मधूनमधून बागा. कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या सात राज्यांची नावं रस्त्यांना दिली गेली. खर्च कमी करताना खात्याने त्यातल्या बऱ्याच बागांना कात्री लावली, पण सांगाडा टिकला.

पहिली वस्ती मात्र आराखड्यातली नव्हती

सरकारी पुस्तिकांत नगराचा इतिहास या आराखड्यापासून सुरू होतो. प्रत्यक्षात लोक आधीच येऊन पोचले होते. मंदीने देशभर बेकारी पसरली होती आणि धरणाच्या कामाची बातमी सगळीकडे गेली होती. बायकामुलांसह माणसं जुन्या गाड्यांतून आली आणि नदीकाठी तंबू, पुठ्ठे, पत्रे मिळतील तसे उभे करून राहिली. त्या वस्तीला रॅगटाउन म्हणत, म्हणजे चिंध्यांचं गाव.

बेकारांना लवकर काम मिळावं म्हणून बांधकाम ठरल्यापेक्षा काही महिने आधी सुरू करण्यात आलं. त्यामुळे कंत्राट दिलं गेलं तेव्हा नगर तयारच नव्हतं. सहा कंपन्यांनी एकत्र येऊन केलेल्या ‘सिक्स कंपनीज’ या संघाने मार्च १९३१ मध्ये सुमारे ४ कोटी ८९ लाख डॉलरला काम घेतलं. बहुसंख्य कामगारांना सरकारी नगरात ठेवायचं बंधन कंत्राटातच होतं, पण ठेवायला घरं कुठे होती? १९३१ च्या उन्हाळ्यात दरीत सावलीलाही अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अंश सेल्सिअसपर्यंत पारा चढत होता. महिन्याभरात डझनाहून अधिक कामगार उष्माघाताने गेले. ऑगस्टमध्ये संप झाला. तो मोडला गेला, मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण त्यानंतर नगराच्या बांधणीला वेग आला.

निर्णयाचा पहिला टप्पा इथेच येतो. कामाची तारीख अलीकडे आणली, घरांची आणली नाही. बेकारीच्या वर्षात काम लवकर सुरू करणं समजण्यासारखं होतं. पण तेवढ्याच तातडीने पाण्याच्या टाक्या आणि सावलीच्या बराकी उभ्या करता आल्या असत्या. त्या संपानंतर आल्या.

समस्या: नगर आहे, पण कोणाचं?

१९३१ अखेर नगर आकाराला येऊ लागलं. वरच्या अंगाला ब्युरो ऑफ रेक्लमेशनच्या, म्हणजे धरण बांधून घेणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, अभियंत्यांची विटांची घरं. खाली पूर्वेला सिक्स कंपनीजने घाईने ठोकलेली शेकडो लाकडी कॉटेजं. एकट्या कामगारांसाठी मोठ्या बराकी आणि भलंमोठं भोजनगृह. पाणी नदीतून सुमारे दोन हजार फूट वर चढवून, गाळून आणावं लागे. उतारावर कोण किती वर राहतो यावरून त्याचा हुद्दा ओळखता येई.

कारभाराची घडी बसवून दिली लुई क्रॅम्टन यांनी. ते मिशिगनचे माजी काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्य आणि आता मंत्र्यांचे विशेष सल्लागार. त्यांच्यापुढे सरळ दोन वाटा होत्या. नेवाडाच्या कायद्याखाली साधं नगर होऊ द्यायचं, किंवा सगळी जागा केंद्राची राखीव ठेवून आत केंद्राचे नियम चालवायचे. पहिल्या वाटेत जुगार आणि दारू आत येण्याची भीती होती, आणि कामगारांच्या मतांवर निवडून आलेलं मंडळ ठेकेदाराशी कसं वागेल याचीही. दुसरी वाट निवडली गेली.

ऑक्टोबर १९३१ मध्ये व्यवस्थापक म्हणून सिम्स ईली आले. वय सत्तरीला टेकलेलं, स्वभाव करडा. वेशीवर रेंजरांची चौकी होती. परवान्याशिवाय आत यायचं नाही, दारू पिऊन यायचं नाही, जुगार खेळायचा नाही. नियम मोडला तर ईली माणसाला नगराबाहेर काढत, आणि बाहेर काढणं म्हणजे अनेकदा नोकरीही गेली असंच असे. नवरा-बायकोच्या भांडणातही त्यांचा शब्द चाले. वर अपील करायला स्थानिक असं काहीच नव्हतं. एका धंद्यात किती दुकानं असावीत हेदेखील परवान्यांवर ठरे.

जमिनीचा निर्णय सगळ्यात दूरगामी ठरला. भूखंड विकायचे नाहीत, भाडेपट्ट्याने द्यायचे. धरण संपल्यावर नगराची गरज उरेल की नाही हेच माहीत नसल्याने त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं. सट्टेबाजी टळली हेही खरं. पण मालकी नाही म्हणून मालमत्ता कर नाही, कर नाही म्हणून स्थानिक तिजोरी नाही, आणि तिजोरी नाही म्हणून स्थानिक सरकारला काही अर्थ नाही, अशी साखळी तयार झाली. रहिवाशाची अवस्था घरजावयासारखी. सोयी सगळ्या, पण घरात शब्द नाही.

दोन गोष्टी सरकारी आराखड्यातून चक्क सुटल्या होत्या. पहिली शाळा. बांधकाम कामगारांना मुलं असतात हे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं, कारण शाळेला तरतूदच नव्हती. सुरुवातीला कंपनीने दिलेल्या कॉटेजांत वर्ग भरले, आणि १९३२ मध्ये शाळेची इमारत झाली. पुढे हीच इमारत नगराचं मुख्य कार्यालय बनली.

दुसरी गोष्ट सुटलेली नव्हती, ठरवून केलेली होती. कृष्णवर्णीयांना या नगरात राहायला जागा नव्हती. आरंभी त्यांना कामावरही घेत नव्हते. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर १९३२ पासून मोजक्या लोकांना घेतलं गेलं, आणि तेही लास वेगासच्या पश्चिम भागातून रोज येऊन-जाऊन काम करत. ‘मंगोलियन’ मजूर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत चिनी वगैरे, घ्यायचे नाहीत असं कलम कंत्राटातच होतं. हे नगर ‘आदर्श’ म्हणून मिरवलं गेलं. ते आदर्श कोणासाठी होतं हा प्रश्न या प्रकरणातून वगळून चालणार नाही, कारण १९६० मध्ये ज्या रहिवाशांच्या हाती सनद पडली ते रहिवासी याच चाळणीतून आलेले होते.

धरण संपलं, नगर उरलं

३० सप्टेंबर १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी धरणाचं लोकार्पण केलं. कामगारांचे तांडे पुढच्या कामांकडे निघून गेले. कॉटेजं विकली गेली, काही उचलून नेली, काही पाडली. नगर बंद करायचं असतं तर हीच वेळ होती.

ते झालं नाही, आणि त्यामागे कुठलाही मोठा ठराव नव्हता. वीजगृह चालवायला माणसं हवी होती. धरणामागच्या सरोवराच्या मनोरंजन क्षेत्राचं काम १९३६ पासून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आलं, तिचं कार्यालय इथे झालं. युद्धकाळात धरणाच्या रक्षणासाठी सैनिकांचा तळ पडला. जवळच मॅग्नेशियमचा कारखाना निघाला आणि घरांची टंचाई झाली. १९४३ मध्ये ब्युरोचं प्रादेशिक मुख्यालयही इथे आलं. तात्पुरतं नगर असं एकेका कार्यालयामुळे कायमचं होत गेलं, आणि तात्पुरती घडी मात्र तशीच राहिली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ही. १९३६ मध्ये कोणी एकाने बसून ‘हे नगर राहणार आहे, तर मग आता याचं काय करायचं?’ एवढं जरी विचारलं असतं, तरी भाडेपट्ट्याचे करार तेव्हाच मालकीकडे वळवता आले असते.

खर्च मात्र थांबत नव्हता. रस्ते, पाणी, झाडं, कचरा हे सगळं प्रकल्पाच्या हिशेबात पडत होतं. म्हणजे शेवटी विजेच्या उत्पन्नातून. १९४० च्या कायद्याने नेवाडा आणि ॲरिझोनाला कराच्या बदल्यात दरवर्षी प्रत्येकी तीन लाख डॉलर मिळू लागले, पण तो पैसा राज्यांना मिळत होता. ज्या नगरामुळे धरण उभं राहिलं त्याला स्वतःचं असं काही उत्पन्न नव्हतं. वॉशिंग्टनच्या नजरेतून बघितलं तर एक खातं विनाकारण नगरपालिका चालवत होतं, आणि ते काम त्याचं नव्हतंच.

पर्याय

युद्धानंतर ब्युरोने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले लोकप्रशासनाचे प्राध्यापक हेन्री रायनिंग यांना अभ्यासाला बसवलं. त्यांचा अहवाल १९५० मध्ये आला. तेव्हा टेबलावर कोणकोणत्या वाटा होत्या, ते बघू.

आहे तसं चालू ठेवणं ही पहिली वाट. गंमत अशी की बऱ्याच रहिवाशांना हीच हवी होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की लोकांनी स्वराज्य मागितलं आणि सरकारने अडवलं. इथे बरंचसं उलट घडलं. सरकार निघायला बघत होतं आणि भाडेकरू दाराशी आडवे उभे होते. त्यांची भीती पोकळ नव्हती. नगरात कारखाना नाही, मोठा व्यापार नाही, आणि सगळ्यात मोठी मालमत्ता असलेल्या केंद्र सरकारवर कर बसत नाही. उरले कोण? चार-साडेचार हजार माणसं आणि त्यांची घरं. पाणी उपसण्याचा, रस्त्यांचा, हिरवळीचा सगळा भार त्यांच्यावर येणार होता. वाळवंटातली हिरवळ सरकारने लावली होती आणि सरकारच तिला पाणी घालत होतं. तेच बिल घरी येणार म्हटल्यावर उत्साह ओसरणारच.

सगळं नगर एका खरेदीदाराला विकणं ही दुसरी. हे काल्पनिक नव्हतं. टेनेसीतल्या नॉरिस या गावाचं असंच झालं होतं. १९३३ पासून धरणासाठी वसवलेलं ते गाव १९४८ मध्ये एका गुंतवणूकदार गटाने लिलावात घेतलं आणि पुढे तिथल्या रहिवाशांना घरं विकली. पुढच्याच वर्षी नॉरिस सनदी नगर झालं. झटपट आणि सरकारसाठी स्वच्छ मार्ग. पण खरेदीदाराने जमिनीचं काय करायचं हे खरेदीदारच ठरवणार. लास वेगास पंचवीस मैलांवर असताना तो काय ठरवील, याचा अंदाज बांधायला प्राध्यापकाची गरज नव्हती.

तिसरी वाट म्हणजे लगेच नेवाडाच्या कायद्याखाली नगर स्थापन करायचं आणि चावी हाती द्यायची. तिच्यात तिजोरी रिकामी आणि पाण्याचे पंप जुने, अशी सुरुवात होणार होती.

रायनिंग यांचा कल टप्प्याटप्प्याने जाण्याकडे होता. आधी नगराचा हिशेब धरणाच्या हिशेबातून वेगळा काढा, म्हणजे नगर चालवायला नेमका किती खर्च येतो ते कळेल. मग घरं आणि जमिनी रहिवाशांना द्या, म्हणजे कराला पाया मिळेल. मग सनद. ऐकायला सोपं वाटतं, पण याआधी वीस वर्षं हा हिशेब कोणी वेगळा काढलेलाच नव्हता.

काय केलं गेलं

१९५१ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री ऑस्कर चॅपमन यांनी नगराचं प्रशासन बोल्डर कॅन्यन प्रकल्पापासून वेगळं केलं. पुढचं पाऊल पडायला सात वर्षं लागली. सरकारी मालमत्ता विकायची तर काँग्रेसचा कायदा हवा, आणि कायद्याची भाषा ठरायची तर तीन बाजू जुळायला हव्या होत्या: पैसा वाचवू पाहणारं केंद्र, नवं नगर आपल्या गळ्यात पडू नये असं वाटणारं राज्य, आणि सोयी जाऊ नयेत म्हणून धडपडणारे रहिवासी.

त्याच काळात केंद्र सरकार आणखी काही नगरांतून बाहेर पडत होतं. अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी वसवलेली ओक रिज आणि रिचलँड ही दोन नगरं १९५५ च्या वेगळ्या कायद्याखाली रहिवाशांना विकली जात होती. रिचलँड १९५८ मध्ये सनदी नगर झालं, ओक रिज १९५९ मध्ये. त्यामुळे सरकारी नगर लोकांना सोपवणं ही काँग्रेसला एव्हाना ओळखीची गोष्ट झाली होती. बोल्डर सिटीच्या प्रकरणाला याचा फायदा झाला असावा असं मला वाटतं.

२ सप्टेंबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी बोल्डर सिटी कायद्यावर सही केली. सरकारी घरं विकताना त्यात राहणाऱ्याला प्राधान्य. भाडेपट्ट्याच्या भूखंडावर पट्टेदाराला प्राधान्य. रस्ते, बागा, वीज वितरणाची व्यवस्था आणि सुमारे ३३ चौरस मैल जमीन नगराला. हस्तांतर मात्र सनद मंजूर होऊन नगर अस्तित्वात आल्यावरच. या शेवटच्या अटीत खरी मेख होती. सनद नको म्हणाल तर घरही मालकीचं होणार नाही. स्वतःच्या घराच्या ओढीने, नको-नको म्हणणारे बरेचजण मसुद्याच्या चर्चेला येऊन बसले.

सनदेचा मसुदा: सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

या प्रकरणात एकाच जागी थांबायचं तर ती ही.

केंद्राची जमीन होती तोवर जुगारबंदी केंद्राच्या नियमाने आपोआप लागू होती. जमीन नगराची झाली की नेवाडाचा कायदा लागू, आणि नेवाडात जुगार कायदेशीर. म्हणजे काहीही न करणं हाही निर्णयच होता, जुगाराच्या बाजूचा. पैशाच्या दृष्टीने तो वाईटही नव्हता. रिकाम्या तिजोरीच्या नव्या नगराला दोन-चार कॅसिनोंच्या परवाना शुल्काने मोठा आधार मिळाला असता. धरण बघायला येणाऱ्या पर्यटकांचा रस्ता नगरातूनच जात होता.

रहिवाशांनी जुगारबंदी सनदेतच लिहिली. मंडळाच्या साध्या ठरावानेही ती करता आली असती. पण ठराव पुढचं मंडळ बहुमताने फिरवू शकतं. सनदेतला शब्द बदलायचा तर लोकांपुढे मतदानाला जावं लागतं. कुठली गोष्ट ठरावात ठेवायची आणि कुठली सनदेत, हा फरक ज्यांनी ओळखला त्यांनी तीन पिढ्यांचं नगर ठरवलं. आजही नेवाडात जुगाराला मनाई असलेल्या अगदी मोजक्या जागांत बोल्डर सिटी आहे. कडक दारूची विक्री मात्र इतकी पक्की बांधली गेली नाही, आणि १९६९ मध्ये तिला परवानगी मिळाली.

दुसरं म्हणजे कारभाराचा साचा. निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ आणि त्याने नेमलेला व्यवस्थापक. ईलींच्या एकहाती कारभाराने पोळलेले लोक व्यवस्थापक या पदालाच विटतील असं वाटलं असतं. त्यांनी पद ठेवलं आणि त्याची नेमणूक व बडतर्फी आपल्या हाती घेतली. मला यात समंजसपणा दिसतो. जुन्या व्यवस्थेतलं काय वाईट होतं हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. रस्ते वेळेवर झाडले जात होते याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

सप्टेंबर १९५९ मध्ये मतदान होऊन सनद मंजूर झाली. ४ जानेवारी १९६० रोजी हस्तांतर झालं.

परिणाम

१९६० मध्ये वस्ती चार हजारांच्या आसपास होती. नगर बुडालं नाही. कर आले, बिलं आली, कुरबुरी झाल्या, आणि लोकांनी भरले. घरं मालकीची झाल्यावर त्यावर कर्ज मिळू लागलं आणि दुरुस्त्या, वाढीव खोल्या सुरू झाल्या. भाडेपट्ट्याच्या काळात ज्या घरात पैसा घालायला लोक बिचकत, त्याच घरांत आता घालू लागले.

पुढची दोन वळणं सांगायलाच हवीत, कारण सनदेत पेरलेलं तिथे उगवलेलं दिसतं. १९७९ मध्ये, लास वेगास चहूबाजूंनी पसरत असताना, बोल्डर सिटीने वाढीवर मर्यादा घातली: वर्षाला साधारण १२० नवी घरं, त्यावर नाही. आणि १९९५ मध्ये नगराने शेजारच्या एल्डोराडो खोऱ्यातली एक लाख एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. त्यातला मोठा भाग वाळवंटी कासवाच्या संरक्षणासाठी राखून ठेवला आणि काही भाग सौरऊर्जा प्रकल्पांना भाड्याने दिला. पहिला मोठा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्या भाड्यावर आज नगराच्या उत्पन्नाचा लक्षणीय भाग उभा आहे. एक एकराहून मोठा नगराचा भूखंड विकायचा तर रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं, अशीही तरतूद आहे. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची, हे धोरण १९३१ मध्ये सरकारने चालवलं. आता तेच नगर चालवतं. फरक एवढाच की भाडं आता नगराच्या तिजोरीत येतं आणि घरांना त्यातून वगळलं आहे.

या मर्यादेची किंमतही आहे. घरं कमी, म्हणून महाग. तरुण कुटुंबांना जागा मिळणं अवघड, आणि वस्तीत वयस्कांचं प्रमाण मोठं. २०१० नंतरच्या दहा वर्षांत वस्ती वाढायच्या ऐवजी किंचित घटली. ‘आम्ही आमचं नगर वाचवलं’ असं म्हणणाऱ्यांना आणि ‘आम्हाला आत येऊ दिलं नाही’ असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही बोट ठेवायला तोच १९७९ चा नियम आहे.

वेगळं काय करता आलं असतं

१९३१ चा भाडेपट्टा चुकीचा नव्हता. चूक होती ती त्याला मुदत न घालण्यात. ‘धरण पूर्ण झाल्यावर पाच वर्षांत मालकीबद्दल निर्णय घेतला जाईल’ एवढं एक वाक्य करारात असतं तर १९४० च्या आसपासच प्रश्न टेबलावर आला असता. तेव्हा वस्ती लहान होती आणि सवयी मुरलेल्या नव्हत्या.

व्यवस्थापकाच्या जोडीला रहिवाशांनी निवडलेली सल्लागार समिती पहिल्या दिवसापासून देता आली असती. अधिकार नसले तरी चाललं असतं. पाणीपट्टी आणि दुकानांचे परवाने यांवर चर्चा करायची सवय लागली असती. १९५० मध्ये अचानक ‘आता तुम्ही चालवा’ म्हटल्यावर जी धास्ती पसरली, तिचं मूळ पैशात जितकं होतं तितकंच या सवयीच्या अभावात होतं.

नगराचा हिशेब धरणाच्या हिशेबात मिसळून ठेवणं सोयीचं होतं, कारण विजेच्या उत्पन्नात तो खर्च उठूनही दिसत नव्हता. पण त्यामुळे वाळवंटातल्या हिरवळीची खरी किंमत कोणालाच कळली नाही. १९५१ मध्ये हिशेब वेगळा केला तेव्हा ती कळली, आणि पुढची सात वर्षं वाटाघाटीत गेली ती बहुतांशी या आकड्यांवरून.

आणि वर्णाच्या आधारावर ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांचं काय? १९५८ च्या कायद्याने घर विकताना ‘आत्ता राहणाऱ्याला’ प्राधान्य दिलं. न्याय्य वाटणारी अट. पण आत कोण राहू शकतं हे आधीच्या सत्तावीस वर्षांत सरकारनेच ठरवलेलं असल्याने, जुन्या भेदभावाचं रूपांतर या अटीने मालकीत केलं. ज्या कृष्णवर्णीय कामगारांनी धरणावर राबून संध्याकाळी लास वेगास गाठलं, त्यांचा या वाटपात कुठे उल्लेखही नाही. हस्तांतराच्या वेळी काही भूखंड खुल्या अर्जांसाठी राखून ठेवणं कायद्यात बसवता आलं असतं. नगराकडे सुमारे ३३ चौरस मैल जमीन जाणार होती, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.